उत्तरेच्या भिंतीचे सकाळी दहाचे आकडे

३ डिसेंबर, संध्याकाळी ६.१०

आज घडलं ते क्रमाने.

१. सकाळी १०.२० ला रुख्मिणीबाई पागेत आल्या. सोबत रिक्षातून आणलेली पत्र्याची ट्रंक.
२. ट्रंकेत त्यांचे यजमान कै. सोमेश्वर मास्तर यांची सेहेचाळीस चित्रं. सगळी जलरंगात, कागदावर.
३. बाईंनी उत्तरेच्या भिंतीला तळहात लावला. अंदाजे सात सेकंद.
४. म्हणाल्या, ओली हाये.
५. मी ओलावा मोजायचा मीटर लावला. १४.२ टक्के. मी म्हणाले, गिलाव्याला पन्नास दिवस झालेत, आकडा वेळापत्रकाप्रमाणे उतरतोय.
६. त्या म्हणाल्या, आकडा उतरंल तवा उतरंल, माझा हात आत्ता गार पडलाय.
७. ट्रंक न उघडता परत नेली.
८. मी दुपारी जेवले नाही. ८ चा १ ते ७ शी संबंध नाही.

ही वही साइट रजिस्टर नाही. रजिस्टर ट्रस्टचे कुलदीप सर वाचतात. ही कोणीच वाचणार नाही, त्यामुळे इथे कारणांसकट लिहिता येतं.

वस्तुस्थिती अशी. हिंगोलीतली जुनी पागा. निजामाच्या काळात इथे घोडे, मग रेशनचं धान्य, मग वीस वर्षं कुलूप. ट्रस्टने दुरुस्ती काढली असून इथे कलासंग्रहालय होणार आहे. मी साइट इंजिनियर. उद्घाटन २६ जानेवारी. पहिलं प्रदर्शन सोमेश्वर मास्तरांचं. त्यांनी जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या शाळेत एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी बाजारातली माणसं रंगवली. कागदावर थेट ऊन पडणार नाही अशी भिंत पागेत एकच, उत्तरेची.

पुण्याच्या एका संस्थेनेही चित्रं मागितली आहेत. त्यांना बाईंनी ३१ जानेवारीपर्यंत कळवायचंय. हो म्हटलं तर २ फेब्रुवारीला गाडी येणार. बाईंना पुणे नको आहे. चित्रातली माणसं सोताला बघाया तिकीट काढून पुण्याला जातील का, असं त्यांनी कुलदीप सरांना विचारलं. सरांकडे उत्तर नव्हतं.

माझ्याकडे आहे. भिंत वाळेल.

४ डिसेंबर

पद्धत ठरवली. भिंतीवर नऊ पॉइंट, लाल खडूने वर्तुळं, प्रत्येकाचा व्यास २५ सेंमी. रोज सकाळी बरोबर दहाला मीटर. नऊही ठिकाणी सहाच्या खाली, सलग दहा दिवस. मगच मी सर्टिफिकेटवर सही करणार आणि मगच ट्रंक उघडणार. अट मीच घातली. सर म्हणाले, अफशीन, एवढं कडक कशाला. मी म्हणाले, आकड्याशी भांडता येत नाही, म्हणून.

रुख्मिणीबाईंना फोन केला. अट समजावून सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, तू जवळ्याच्या मनियाराची पोरगी न? तुझ्या बापानं कधी तडकलेली बांगडी पुडक्यात घातली न्हाई. तू सही केली तर म्या ट्रंक आणीन.

माहिती तांत्रिक नाही. तरी नोंदवली.

५ डिसेंबर

जमीलचाचांनी कामात अडथळा आणला. हे चुन्याचे मिस्त्री. वय चौसष्ट, हात चांगला, पण मोजमापाची सवय नाही.

म्हणाले, सौ साल इथं घोडे बांधले, बेटा. ते जे मुतले ते सगळं या भिंतीनं पिलंय. वरून तुमी नवा गिलावा चढवला. आता आतला लोणा बाहेर येऊन राहिला. ह्ये पाणी न्हाई, खार हाय. कमरेइतका गिलावा खरवडा, मुलतानी मातीचा लेप द्या, त्यो खार ओढून घेईल. एक उन्हाळा जाऊ द्या. मंग बराबर होईल.

मी म्हणाले, वेळापत्रकात उन्हाळा नाही.

ते म्हणाले, मंग पापड ठेवा. म्हणजे कच्चा उडदाचा पापड भिंतीला टेकवायचा, वर कौल झाकायचं, सकाळी मोडून बघायचा. कट्‌कन मोडला तर भिंत कोरडी. वाकला तर ओली. त्यांच्या वडिलांनी म्हणे सगळे वाडे पापडावर तपासले.

पापड हे मोजमापाचं साधन नाही, असं मी शांतपणे सांगितलं. माझा मीटर कॅलिब्रेट केलेला आहे. पापड कोणी कॅलिब्रेट केला.

८ डिसेंबर

नऊची सरासरी १४.०. दुपारी भूक नव्हती.

सखुबाई डबा उघडून समोर बसली. बायकांच्या गँगची मुकादम, कनेरगाव नाक्याहून जीपने येते. तिच्याशी माझा संबंध हजेरीपुरता आहे. म्हणाली, मॅडम, काहून जेवत न्हाई? मी म्हणाले, पोट बरं नाही. ती म्हणाली, पोट का भिंत? बाकीच्या बाया हसल्या.

माझ्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. कॉलेजातही सगळे हेच म्हणत. त्यामुळे तिने अंदाजाने म्हटलं असणार. सौजन्य म्हणून अर्धी भाकरी आणि ठेचा खाल्ला.

११ डिसेंबर

१४.१. काल १३.९ होता. वर गेला. उपकरणाची मर्यादा अधिक-उणे ०.२, म्हणजे वर गेलाच नाही असंही म्हणता येतं. तसं म्हटलं.

संकल्प:
१. भिंतीकडे दिवसातून एकदाच बघायचं.
२. रिडिंगच्या आधी हात लावून बघायचं नाही.
३. डबा खायचा, आकडा काहीही असो.

संध्याकाळपर्यंत: १ मोडला (सहा वेळा), २ मोडला, ३ उद्यापासून.

१८ डिसेंबर

१३.७.

हिशोब केला. पंधरा दिवसांत अर्धा टक्का उतरला. याच वेगाने सहावर यायला २३१ दिवस. तारीख येते ६ ऑगस्ट. अर्थात सरळ रेषेचं गृहीतक चुकीचं असू शकतं. ओलावा वक्ररेषेत उतरतो. वक्र आज ना उद्या दिसेल.

कुलदीप सरांचा फोन. निमंत्रणपत्रिका छापून आल्या. मागच्या बाजूला पागेचं चित्र आहे. म्हणाले, आता फक्त तुझी सही.

डबा तसाच राहिला. सखुबाई आली. विचारलं, मॅडम, कितीचा आकडा पाह्यजे तुमाला? मी म्हणाले, सहाच्या खाली. ती म्हणाली, सगळ्या भिंतीत? मी म्हणाले, मोजायचं नऊ वर्तुळांतच. म्हणाली, तेवढ्यातच? अन् किती वाजता? मी म्हणाले, दहा. तिने मान हलवली आणि बोटावर काहीतरी मोजलं.

निरक्षर बाईची एवढी तांत्रिक जिज्ञासा कौतुकास्पद वाटली. कामगारांना पद्धत समजावली पाहिजे, मी नेहमी म्हणते.

२० डिसेंबर

११.६.

वक्र दिसला.

पाच वेळा पुन्हा मोजलं. ११.६, ११.५, ११.६, ११.७, ११.६. मला आनंद वगैरे होत नाही, अपेक्षित गोष्ट घडली एवढंच. दोन भाकरी. सखुबाई म्हणाली, आज पोट बरं हाय वाटतं. बाया पुन्हा हसल्या. या गँगला हसायला काही लागत नाही.

२३ डिसेंबर

१०.१.

पागेसमोर कडुनिंबाखाली संतरामची इस्त्रीची टपरी. तो सखुबाईचा भाऊ. सकाळी पावणेनऊला ओढणी द्यायला गेले. टेबल होतं, संतराम होता, कोळशाची इस्त्री नव्हती. म्हणाला, इस्त्री कामावर गेलीय, साडेदहाला या. मी म्हणाले, इस्त्री कामावर जाते का? तो म्हणाला, आजकाल जाते.

धंद्याची ही पद्धत नाही. ओढणी तशीच घातली.

२७ डिसेंबर

८.८. आभाळ होतं तरी उतरला.

निरीक्षण: वर्तुळांच्या आत भिंत किंचित कोमट लागते. संकल्प २ मोडून हात लावला होता. उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडत नाही, म्हणजे कारण आतलं आहे. चुना हवा घेऊन पुन्हा दगड होतो तेव्हा थोडी उष्णता सुटते. पुस्तकात फार थोडी म्हटलंय. इथला चुना चांगल्या प्रतीचा असावा.

वर्तुळाबाहेर हात लावला नाही. तिथे पॉइंट नाही.

३० डिसेंबर

पॉइंट ५ खाली राखेचे कण. जमीलचाचांना समज दिली की दालनात विडी चालणार नाही. चाचा म्हणाले, बिडी सोडून नऊ साल झाले, बेटा. तुमच्या चाचीला विचारा.

खोटं बोलताना माणूस साक्षीदार देतोच. रजिस्टरमध्ये त्यांचं नाव लिहिलं नाही. एक ताकीद पुरे.

३ जानेवारी

७.२.

चाचा आज सकाळी लवकर आले होते. मी पोहोचले तेव्हा दाराशी उभे. आतून बायका हसत बाहेर पडत होत्या. चाचांचा चेहरा उतरलेला. मला म्हणाले, बेटा, भिंतीला इस्त्री करून लोणा जात न्हाई.

म्हण चांगली आहे. पूर्वी ऐकली नव्हती. उतरवून घेतली.

मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला पापड काढला. रात्रभर भिंतीला ठेवला होता म्हणे, पॉइंट ४ आणि ५ च्या मधे. दोन बोटांत धरला. तो चपातीसारखा वाकला. मी म्हणाले, पापड ओल्या हवेत वाळवलेला असेल. ते म्हणाले, पापड रुख्मिणीबाईंच्या घरचा हाय. ते पुढे काही सांगणार होते. सरांचा फोन आला, मी बाहेर गेले.

८ जानेवारी

नऊही ठिकाणी सहाच्या खाली. सर्वांत जास्त ५.८, सर्वांत कमी पॉइंट ५ वर ४.१.

दिवस पहिला. सरांना आलेख पाठवला. त्यांनी तो ट्रस्टच्या ग्रुपवर टाकला, खाली सात जणांनी हात जोडले.

१० जानेवारी

दिवस तिसरा. ५.६.

झोप कमी. सकाळी साडेसहाला जाग येते आणि कालचे नऊ आकडे पुन्हा मांडून बघते. दहापर्यंत काही खाल्लं जात नाही. याला टेन्शन म्हणत नाहीत. टेन्शन परिणाम माहीत नसलेल्या माणसाला असतं.

अम्मीचा जवळ्याहून फोन. म्हणाली, आवाज काहून असा येऊन राहिला? मी म्हणाले, रेंज.

१२ जानेवारी

दिवस पाचवा. दाट धुकं. बाहेरच्या दगडांवर दव. मनात आलं, आज सगळं वर जाणार.

५.४.

मग एक गोष्ट झाली. पॉइंट ४ आणि ५ च्या मधे मीटर धरला. वर्तुळाबाहेर. पिना टेकवायच्या बाकी होत्या. दहावा पॉइंट घ्यावा असा मोह झाला.

टाळला. चालू कामात पद्धत बदलणं शास्त्रीय नाही. मीटर पिशवीत ठेवला आणि चेन लावली.

१५ जानेवारी

दिवस आठवा. ५.२.

सरांनी विचारलं, मधल्या जागांचं काय? मी म्हणाले, नऊ पॉइंट सबंध भिंतीचे प्रतिनिधी आहेत. ते म्हणाले, म्हणजे आमदारांसारखे. मी हसले नाही. आपल्या पॉइंटांत आणि त्यांच्यात फरक आहे असं सांगितलं.

१७ जानेवारी, सकाळी १०.३५

दिवस दहावा. ४.९.

सही केली. पूर्ण नाव, तारीख, वेळ. पेन दोनदा अडला.

१९ जानेवारी

ट्रंक आली. रुख्मिणीबाईंनी सर्टिफिकेट हातात घेतलं, वाचलं नाही, माझ्या सहीवर बोट ठेवलं. ह्येच न? मी म्हणाले, हो. त्यांनी कनवटीची किल्ली काढली.

सेहेचाळीस चित्रं मोजून घेतली. सेनगावच्या जीपच्या टपावर बसलेली माणसं. कापसाच्या गंजीवर झोपलेला हमाल. चहावाला. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने नाव आणि वार.

क्र. ३१. जवळा बाजार, बांगड्यांचं दुकान. बसलेल्या माणसाचा चेहरा बाजूने. त्याने एका बाईचा हात धरलाय आणि बांगडी चढवताना स्वतःच ओठ आवळलेत. अम्मी म्हणेल अब्बू. अब्बू गेल्यापासून अम्मीला सगळेच तसे दिसतात. बाकड्याखालून एक लहान अनवाणी पाय बाहेर आलाय. कोणाचा ते सांगता येत नाही. मी त्या वयात चप्पल घालत असे.

मागे लिहिलंय: करीम मनियार व लेक, रविवार.

बाईंनी विचारलं, ह्ये कुठं लावशील? मी म्हणाले, पॉइंट ५. सर्वांत कोरडी जागा. निर्णय पूर्णपणे आकड्यांवर घेतला.

२० जानेवारी

टांगणी पूर्ण. दालन सुंदर दिसतं असं इतर म्हणाले.

सखुबाईने विचारलं, मंग आता आकडा लागणार न्हाई न? मी म्हणाले, नाही, झालं. ती म्हणाली, बरं झालं बाई. महिनाभर संतरामाचं सकाळचं गिऱ्हाईक तुटून राहिलं होतं.

दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध लागला नाही.

२१ जानेवारी

दालन बंद. बाहेर फरशीचं काम. दोन वेळा जेवले. वजन वाढलं तर नोंदवीन.

२३ जानेवारी, सकाळी ९.५०

दालन उघडलं.

भिंतीवर पांढरं आलंय. पिठासारखं, बोटाला लागतं, जिभेला खारट. सगळीकडे नाही. नऊ ठिकाणी.

सहा उघड्यावर दिसतात, तीन चित्रांच्या मागे. आकार मोजला. उंची २१ सेंमी, रुंदी १२. खाली सरळ कड, दोन्ही बाजूंनी निमुळता, वर टोक. नऊही एकसारखे. टोक नऊही ठिकाणी वर.

हा आकार ओलाव्याचा नाही. हा आकार मला माहीत आहे. रोज सकाळी मी त्याच्यासमोरून जाते.

मीटर लावला. पॉइंट ५: १६.४.

मग वर्तुळाबाहेर लावला. १४.१. १३.९. १४.०. सव्वीस ठिकाणी. ३ डिसेंबरला जेवढी होती तेवढीच भिंत. कधी हललीच नव्हती.

क्र. ३१ उतरवलं. मागचा पुठ्ठा ओला. चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात डाग, ४ सेंमी. पायापर्यंत आलेला नाही. अंतर दीड सेंमी. दोनदा मोजलं.

बाकीची पंचेचाळीस दुपारपर्यंत उतरवली. त्यांना काही झालेलं नाही.

२३ जानेवारी, दुपारी ३

सखुबाईला बोलावलं. ती स्वतःच म्हणाली, व्हय, आमीच केली. पाळीपाळीनं. एका गोलाला आठ मिनिटं. साडेआठला सुरू करायचो, तुमी मीटर घेऊन यायच्या आत संपवायचो.

मी विचारलं, काहून? हा शब्द मी वापरत नाही.

ती म्हणाली, चौदा आकडा आला का तुमचा डबा तसाच घरी जायचा. आमी बाया पाहत होतो न. पोरगी वाळून राहिली, भिंत काही वाळून न्हाई राहिली. म्या म्हणलं, नऊच तर गोल हायेत, अन् संतरामाची इस्त्री समोरच हाय. तुमी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मंग बंद कशी करावी?

मी म्हणाले, मला सांगायचं. ती म्हणाली, तुमी खुश होत्या.

मी खूश होते हे बाहेरून दिसत होतं, ही माहिती मला नव्हती.

जमीलचाचा दाराशी होते. म्हणाले, म्या सांगितलं होतं, बेटा. इस्त्रीचं सांगितलं होतं.

वही उघडून बघितली. ३ जानेवारी. सांगितलं होतं.

वर ते म्हणाले, तसं बायांनी काम बराबरच केलं. लोणा असाच ओढून काढायचा असतो. फक्त लेपानं, अन् सगळ्या भिंतीचा.

२४ जानेवारी

कुलदीप सर आले. नऊही डाग बघून घेतले. मग म्हणाले, पांढरं पुसून घेऊ, चित्रं परत टांगू, मागे प्लास्टिक लावू. दोन तासांचा प्रश्न आहे. पाहुणे गेले की उतरवू. सर्टिफिकेट आहेच.

मी म्हणाले, सर्टिफिकेट नाही. सही मागे घेतली.

ते म्हणाले, तसा फॉर्म असतो का? नव्हता. साध्या कागदावर लिहून दिलं. नऊ पॉइंट, सव्वीस पॉइंट, दोन्ही तक्ते जोडले.

म्हणाले, मग हे कोणी केलं त्याचं नाव दे. उद्यापासून हजेरी बंद.

नाव दिलं. माझं.

त्यांनी दोन्ही तक्ते वाचले. म्हणाले, अफशीन, तू टेन्शनमध्ये आहेस. मी नाही म्हणाले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

२५ जानेवारी

उद्या रुख्मिणीबाई येणार. त्यांना सांगायचं. वाक्यं दोन:
१. भिंत ओली आहे, माझी सही चुकीची होती.
२. क्र. ३१ ला डाग पडलाय.

आरशासमोर म्हणून बघितली. एकूण नऊ सेकंद. अवघड नाही.

२६ जानेवारी

झेंडा ७.४५. नारळ ९.१०. भाषणं अंगणात. दालनाला कुलूप. पत्रिकेत ‘प्रदर्शन’ छापलेलं होतं, त्यावर सरांनी काही बोलायचं टाळलं.

रुख्मिणीबाई पहिल्या रांगेत. गोरेगावहून दोन जीप भरून माणसं आणली होती. चित्रातला चहावाला आला होता, आता म्हातारा, कपड्यांना कडक इस्त्री. तो दाराच्या फटीतून आत बघायचा प्रयत्न करत होता.

भाषणं झाल्यावर बाई माझ्याकडे आल्या. विचारलं, दार काहून उघडेना?

मी म्हणाले, लाइटचं काम बाकी आहे.

वाक्य क्र. १ आणि २ मला येत होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अंदाजे सात सेकंद. भिंतीला लावला होता तोच हात माझ्या गालाला लावला आणि विचारलं, जेवलीस का, लेकरा?

मी दालनाचं कुलूप ओढून बघितलं. त्यांनी जीपवाल्यांना हाक मारली आणि सगळ्यांना घेऊन परत गेल्या. चहावाला शेवटी बसला.

संध्याकाळी पॉइंट ४ आणि ५ च्या मधे पापड ठेवला. उडदाचा, कच्चा. वर कौल.

२७ जानेवारी, सकाळी १०.००

पापड वाकला.

पत्राचा मसुदा, चौथा. आधीचे तीन फाडले. त्यांत माझ्याविषयी जास्त होतं. हा दुपारच्या जीपने गोरेगावला जाईल, चाचा नेऊन देतील.

श्रीमती रुख्मिणीबाई यांस,

काल मी तुम्हाला लाइटचं काम सांगितलं. ते खोटं होतं. पागेची उत्तरेची भिंत ओली आहे. तुम्ही ३ डिसेंबरला हात लावून सांगितलंत तेव्हा होती तेवढीच. १७ जानेवारीची माझी सही चुकीची होती आणि ती मी मागे घेतली आहे. मी नऊच ठिकाणी मोजत होते, आणि त्या नऊ जागा कोरड्या कशा झाल्या हे महिनाभर एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पंचेचाळीस चित्रं सुखरूप आहेत. क्र. ३१ ला, म्हणजे जवळ्याच्या बांगड्यांच्या दुकानाला, खालच्या कोपऱ्यात चार सेंमीचा डाग पडला आहे. ते चित्र मीच त्या जागी लावलं. दुरुस्ती कागदाच्या जाणकाराकडून करून घेईन. पण मास्तरांनी रंगवलं होतं तसं ते पुन्हा होणार नाही. सगळी चित्रं ट्रस्टच्या ऑफिसात लोखंडी कपाटात आहेत. त्या खोलीत दोन पापड ठेवून बघितले. दोन्ही मोडले. चित्रं पाहिजेत तेव्हा मी स्वतः आणून देईन.

जमीलचाचा फेब्रुवारीत कमरेइतका गिलावा खरवडून मुलतानी मातीचा लेप लावणार आहेत. उन्हाळा आणि पावसाळा जाईल. दिवाळीनंतर भिंत तयार होईल असं ते म्हणतात. मी त्याची तारीख देत नाही.

तोपर्यंत तुम्ही चित्रं पुण्याला देऊ नयेत अशी माझी विनंती आहे. ती करायचा अधिकार मला नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही थांबलात तर पुढच्या वेळी मीटर मी पिशवीतून काढणार नाही. तुमच्या घरचा पापड आणा, भिंतीवर जागा तुम्हीच ठरवा, आणि सकाळी तुमच्या हातानेच मोडा. तो मोडला तरच ट्रंक उघडायची.

पुण्याची गाडी २ फेब्रुवारीला येणार आहे. म्हणून हो किंवा नाही, एवढं ३१ जानेवारीला संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं.

अफशीन करीम मनियार